वस्ती तीच, माणसं बदलली
पोरांच्या गुन्हेगारीवर कुणीतरी लिहिलंय, 'अमुक समाजाची पोरंच तसली.' नाही पटलं. अमेरिकेतल्या शिकागोत शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर ठिपक्यांनी मांडले होते. कारखान्यांलगतच्या पडक्या, भाड्याच्या वस्त्यांत ठिपक्यांची ही गर्दी! जर्मन-आयरिश गेले, पोलिश-इटालियन आले, तरी गर्दी तिथेच. १९९५ मध्ये त्याच शहरातल्या ३४३ वस्त्यांत लोकांना विचारलं गेलं: पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी दिसली, तर शेजारी हटकतील का? जिथे 'हो' म्हणणारे जास्त, तिथे हिंसाचार कमी. वस्ती किती गरीब, हा फरक हिशेबातून वेगळा काढला तरी हेच दिसलं. (मला तर हा प्रश्नच फार आवडला.) पण वर्षा-दोन वर्षांनी भाडेकरू बदलत असतील तर हटकणार कोण? पोर कुणाचं, हेच ठाऊक नसतं.