डिझेल सेन्सर बसवल्यावर ड्रायव्हर टिकतात का? बेळगाव-निपाणीकडच्या लॉरीवाल्यांनी सांगावं

उद्यमबाग_लॉरी
आमच्या सात लॉऱ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) पुण्याला न्यायचं आणि परतीला मिळेल ते भाडं घ्यायचं. वर्षभरापूर्वी सगळ्या गाड्यांना जीपीएस आणि टाकीत डिझेल सेन्सर बसवले. वडील अजून कुरकुरतात, माणसावर भरवसा नसेल तर धंदा कशाला म्हणतात. माझं मत पक्कं आहे: आता याशिवाय गाडी परवडत नाही.

हिशेब बघा. बेळगाव-पुणे सुमारे ३४० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटरचं ॲव्हरेज देते, म्हणजे ८५ लिटर. १ एप्रिल २०२५ ला कर्नाटकानं विक्रीकर वाढवला, डिझेल लिटरमागं २ रुपयांनी चढलं. जाताना एका खेपेला १७० रुपये गेले. त्याच महिन्यात लॉऱ्यांचा संप झाला, पण आमचं भाडं रुपयानं वाढलं नाही. माल देणारी पार्टी म्हणते, दुसरी गाडी दारात उभी आहे. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडे, कर्नाटकातच टाकी फुल्ल करून जाण्यातला जुना फायदाही फारसा उरला नाही. मग वाचवायचं कुठं? टाकीतच.

चोर्ला_ड्रायव्हर
मालक, टाकीतच वाचवायचं म्हणता, तर माझं ऐका. मी वीस वर्षं स्टेअरिंगवर आहे. भाजी घेऊन चोर्ला घाटामार्गे गोव्याला जायचो. एका रात्री पुढं गाडी पलटी झाली, आम्ही उतारावर तोंड खाली करून तीन तास उभे. टोमॅटोच्या क्रेट, वर ताडपत्री, पाऊस. सकाळी माझ्या तेव्हाच्या मालकाचा फोन, ‘रात्री दोन चाळीसला चौदा लिटर कुठं गेलं?’ गाडी कलली की टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं आणि सेन्सर कमी दाखवतो. पुढं गोव्यातल्या साखळी गावाच्या सपाट रस्त्यावर तोच आकडा आपोआप वर आला होता, तेवढं मात्र कुणी बघितलं नाही. पैसे पगारातून कापले. पुढच्या महिन्यात मी ती गाडी सोडली. चोर म्हणवून घेऊन कोण राबेल?

निपाणीकर_जुना
म्हणून मी सांगत असतो, या भानगडीतच पडू नका. माझ्याकडं धुराच्या जुन्या नियमातल्या, बीएस-४ म्हणतात त्या दोन गाड्या आहेत, हप्ते फिटलेले. एप्रिल २०२० नंतरची, नव्या नियमाची बीएस-६ घेतली की धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालायचं ॲडब्लू आलं, सेन्सर आले, बोनेट उघडायला लॅपटॉप आला. आमचा मिस्त्री आवाजावरून पंप ओळखतो, त्याला या गाड्यांत हातही घालता येत नाही. ड्रायव्हर ओळखीतला ठेवायचा, खेपेला खर्चाची ठरलेली रक्कम द्यायची, उरलं-सुरलं त्याचं.

हिशेब_टिळकवाडी
काका, ‘उरलं-सुरलं त्याचं’ यातच तर सगळं बिघडतं. मी एका ट्रान्सपोर्टचं खातं लिहिते. खेपेवर पैसे, म्हणून ड्रायव्हर झोप न घेता दुसरी खेप उचलतो. आणि जुन्या गाडीचा हप्ता नसला तरी पासिंगच्या वेळी खर्च निघतोच की.

पण ॲडब्लूचं ऐका. आमच्याकडं एका पोरानं संपलेल्या टाकीत नळाचं पाणी घातलं. ॲडब्लूमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मीटरवर दिवा लागला, तवंदी घाटात गाडीची ताकद गेली, मग टो करून आणली. दुरुस्तीचं बिल मीच खात्याला टाकलं. मालकानं पोराला घालवलं, आणि पुढच्यालाही काही शिकवलं नाही! एवढी महागाची गाडी हातात द्यायची आणि अर्धा दिवस बसवून समजावायचं नाही, याला धंदा म्हणत नाहीत.

उद्यमबाग, तुम्हाला सरळ विचारते. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला, तेव्हाच पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली गेली, लांब पल्ल्याला १० तासांपर्यंत मुभा. तुमचा जीपीएस गाडी किती तास चालली हे दाखवतो. ते कधी उघडून बघितलंत?

उद्यमबाग_लॉरी
नाही बघितलं. फक्त डिझेलचं पान उघडतो. तुमचं बोलणं लागलं. आज रात्री सात गाड्यांचे तास काढतो.

तरी सेन्सर काढणार नाही. आमच्या एका गाडीतून दर खेपेला एकाच ढाब्यावर डिझेल उतरत होतं, तेही सपाट जागी, इंजिन बंद असताना. ते सेन्सरनंच पकडलं. पण चोर्ला ड्रायव्हर, तुमचं खरं आहे. उतारावरचा आकडा मी धरणार नाही. आधी गाडी सपाटीवर आली का बघीन आणि ड्रायव्हरला विचारल्याशिवाय पगाराला हात लावणार नाही.

निपाणीकर_जुना
बोलायला सोपं. दिवाळीच्या हंगामात पार्टी ओरडायला लागली की बघू.

चोर्ला_ड्रायव्हर
मालक, एक अजून. तो ग्राफ आम्हालाही दाखवा, मोबाइलवर. वाटेत पुलाचं काम असलं की गाडी तासभर पहिल्या गिअरमध्ये रेंगाळते, तेव्हा ॲव्हरेज का पडलं हे आम्हीच तुम्हाला सांगू शकू. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या लॉऱ्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय. पुढची गाडी घेताना तो चालू ठेवायचं डिझेल कुणाच्या खात्यात धरणार, ते आधी ठरवा.

उद्यमबाग_लॉरी
गाडीच्या खात्यात. ग्राफ सोमवारपासून सगळ्यांच्या मोबाइलवर देतो.