सुट्टीत फुकट आणि खरंच कामाच्या वेबसाइट कोणत्या? (पाचवी व आठवी, मराठी माध्यम)

प्रतापनगर_आई

नमस्कार. मे महिन्यात नागपुरात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडता येत नाही, आणि विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. म्हणजे कूलरसमोर बसून काढायचे दिवस पुष्कळ. घरात एक जुना लॅपटॉप आहे (४ जीबी रॅम) आणि मोबाइलचा रोजचा १.५ जीबी डेटा. एक मुलगी आठवीत, एक मुलगा पाचवीत.

"टॉप ५० वेबसाइट" अशा याद्या नकोत. त्यातल्या अर्ध्या साइट दोन मिनिटांत पैसे मागतात. तीन-चारच सांगा, पण त्यावर नेमकं काय करायचं, कुठे अडते, हे सांगा. विज्ञान, गणित, थोडं मराठी वाचन. खातं उघडावं न लागलं तर उत्तम.

वायर_आणि_बल्ब

ताई, सुरुवात फेटपासून (PhET) करा, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून पाहायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग, त्यांना सिम्युलेशन म्हणतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. खातं लागत नाही, जाहिरात नाही. प्रत्येक सिम्युलेशनच्या पानावर भाषांतरांची यादी असते, तिथे मराठी शोधा. डाउनलोडचं बटण दाबलं की एकच एचटीएमएल फाइल उतरते आणि पुढे ती नेट बंद असतानाही चालते. तुमच्या १.५ जीबीत हे आरामात बसते. नावापुढे जावा लिहिलेली जुनी सिम्युलेशन्स मात्र सोडून द्या, जुन्या लॅपटॉपवर ती फार रखडतात.

आठवीच्या मुलीला "सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी" उघडून द्या. बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा असतो. "व्हॅल्यूज"वर टिक केली की आकडे दिसतात. एक बल्ब जोडून अमीटर (प्रवाह मोजणारा) लावला की ०.९ अँपिअर. आता दुसरा बल्ब एकसरीत (एकामागोमाग) जोडायच्या आधी तिला कागदावर अंदाज लिहायला लावा. प्रवाह ०.४५ येतो, हे बहुतेक मुलं बरोबर सांगतात. उजेड निम्मा होईल असंही सांगतात, आणि तिथे चुकतात. एकट्या बल्बची शक्ती ८.१ वॅट होती, आता प्रत्येकाची जेमतेम २ वॅट, म्हणजे चौथा हिस्सा. मग तेच दोन बल्ब समांतर जोडा. दोन्ही पूर्ण उजेडाने पेटतात, पण बॅटरीतून १.८ अँपिअर ओढला जातो. घरातले दिवे समांतर का जोडतात, याचं उत्तर इथे डोळ्यांनी दिसते.

अडते कुठे ते सांगतो. पहिलं, अमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला की बॅटरी पेट घेते. सिम्युलेशन बिघडलेलं नसते. अमीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे ते शॉर्ट सर्किटच झालं. अमीटर एकसरीत, व्होल्टमीटर समांतर. दुसरं, निळे ठिपके पुस्तकातल्या बाणाच्या उलट दिशेने फिरतात आणि मुलं गोंधळतात. ते इलेक्ट्रॉन आहेत, ऋण टोकाकडून धन टोकाकडे जाणारे. पर्यायांमध्ये "कन्व्हेन्शनल" निवडलं की पुस्तकासारखे बाण येतात. दोन्ही पाहू द्या, नुसतं बदलून टाकू नका. तिसरं, जोड सोडवायला वायर ओढत बसू नये. जोडावर एकदा टिचकी मारली की कात्री दिसते.

छतावरचा_तारा

फेट उत्तमच आहे, पण खरी मजा साइटवर दिसलेलं छतावर जाऊन तपासण्यात आहे. त्यासाठी स्टेलॅरियम वेब. ब्राउझरमध्येच आकाश उघडते, खातं लागत नाही.

आधी ठिकाण नीट करा, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. मोबाइल डेटावर ते कधी मुंबई धरून बसते, कधी दिल्ली. खाली डाव्या कोपऱ्यात ठिकाणाचं बटण आहे. त्यातलं आपोआप ठिकाण घेणं बंद करून नकाशावरची खूण नागपूरवर आणा : २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. मग ध्रुवतारा शोधा, त्यावर टिचकी मारा आणि उंचीचा आकडा वाचा. साधारण २१ अंश. नागपूरचा अक्षांशही तोच. हे पाचवीतल्या मुलालाही समजते. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची, म्हणजे रात्री उत्तरेच्या क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुवतारा शोधायचा.

आता मे महिन्याचं खास काम. उजव्या कोपऱ्यात वेळ बदलता येते. २६ मे, दुपारी १२ वाजून १० मिनिटं लावा आणि सूर्यावर टिचकी मारा. उंची ९० अंशांना टेकलेली दिसेल. हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आणि सरळ उभ्या वस्तूची सावली पडत नाही. बरोबर १२ वाजता का नाही, हे मुलीला मांडायला सांगा. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं. नागपूर त्याच्या ३.४ अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून साडेतेरा मिनिटं उशीर. पण मेच्या शेवटी सूर्य घड्याळाच्या ३ मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. उरले १० मिनिटं आणि थोडे सेकंद.

छतावर त्या वेळी एक सरळ नळी किंवा सपाट बुडाची बाटली उभी करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि नळी त्याच्याशी जुळवा, हे वगळू नका. मीटरभर नळी एक अंश कलली तरी १७ मिलिमीटर सावली पडते आणि मुलं म्हणतात की दिवसच चुकला. उलट तारीख एक दिवसाने चुकली तर त्याच नळीची सावली फक्त ३ मिलिमीटर. म्हणजे २५ किंवा २७ तारखेलाही चालते, ओळंब्याशिवाय चालत नाही. ११:५५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने मांडा. दुपट्टा, पाणी, पायात चप्पल, आणि मांडून झालं की लगेच सावलीत. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही नाही.

दुसरा शून्य सावलीचा दिवस १७ जुलैच्या आसपास, १२:२० ला येतो, पण तेव्हा ढग असतात. म्हणून मे सोडू नका.

काटोलरोड_मास्तर

वरच्या दोन्हीला अनुमोदन. गणितासाठी स्क्रॅच घ्या, त्यात सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरच्या मांजराला चालवायचं असते. एमआयटीचं आहे, २००७ पासून चालू, पूर्ण फुकट. खात्याशिवाय चालते, फक्त फाइल मेनूतून काम आपल्या कॉम्प्युटरवर साठवायचं, नाहीतर खिडकी बंद केली की गेलं. ऑफलाइन अॅपही मिळते.

व्हिडिओ पाहून तयार गेम उतरवत बसू देऊ नका. पाचवीच्या मुलाला एकच काम द्या : मांजराकडून त्रिकोण काढून घे. खाली डाव्या कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शनमधून पेन आधी जोडावा लागतो, तो आपोआप दिसत नाही. पेन खाली, ३ वेळा पुन्हा, १०० पावलं पुढे, आणि वळण. मुलं ६० लिहितात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६०. मांजर त्रिकोण पूर्ण करतच नाही. वळायचं असते बाहेरच्या कोनाने, १८० वजा ६०, म्हणजे १२०. उत्तर सांगू नका. त्याला उठवून जमिनीवर खडूच्या त्रिकोणावर चालायला लावा, कोपऱ्यावर शरीर किती वळलं ते त्यालाच कळते. पुढे चौकोन ९०, षटकोन ६०, आणि ५ वेळा १४४ दिलं की चांदणी.

मग ३६ वेळा १० अंश. इथे पावलं १०० च ठेवली तर चित्र कडेला जाऊन विस्कटते. पडदा फक्त ४८० बाय ३६० चा आहे आणि हा "गोल" अकराशेच्या वर रुंद होतो. २० पावलं केली तरी जमत नाही. गोल २२९ चा, आणि मध्यातून सुरू करून सगळा खाली उतरतो, तिथे जागा १८० च. १० पावलांवर नीट बसतो. हे आकडे आठवीच्या मुलीकडून काढून घ्या : परीघ ३६० भागिले पाय (π).

धंतोली_वाचनालय

मराठी वाचनाला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. भाषा मराठी निवडा. गोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत. पाचवीतल्या मुलाला तिसऱ्या पायरीपासून सुरू करा, अडला तर एक पायरी खाली. वाचायला खातं लागत नाही.

मुलीसाठी मराठी विश्वकोश. वीसही खंड नेटवर आहेत. आणि शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती. शब्द देवनागरीत टाइप करता येतो. पण तो कोश जुन्या शुद्धलेखनाचा आहे. "गाव", "नाव" नाही सापडले तर "गांव", "नांव" टाकून पाहा, अनुस्वारासकट. शब्द नाही असं समजून मुलं लगेच बंद करतात.

अरविंद गुप्ता यांची खेळण्यांची साइटही विसरू नका. त्यावर मराठी पुस्तकं आहेतच, पण आधी आगकाड्यांचे सांगाडे करा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा, दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा, काड्यांचा गूल खरवडून टाका (हे मोठ्यांनी करावं) आणि काड्या दोन्ही बाजूंनी सरकवा. त्रिकोण दाबून हलत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो. ट्यूब जुनी, कडक झालेली असेल तर काडी घुसत नाही आणि फाटते, म्हणून दुकानातच वाकवून पाहा. तीन काड्या एका जागी आणायच्या तर एका तुकड्याला मध्ये सुईने भोक पाडून दुसऱ्या जोडाची काडी त्यातून घालायची.

वारा_पाऊस

जूनमध्ये सगळे "मान्सून कुठे पोचला" विचारतात, तेव्हा अर्थ नलस्कूल उघडून द्या. पृथ्वीच्या गोलावर वाहता वारा दिसतो. कोपऱ्यातल्या "अर्थ" या शब्दावर टिचकी मारली तरच मेनू उघडतो, हे अनेकांना कळतच नाही. उंची ८५० (हवेच्या दाबाचा आकडा) निवडा, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर वरचा वारा. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळून अरबी समुद्रावरून आपल्याकडे येणारा जाड पट्टा दिसेल. बाणांनी एक महिना मागे जाऊन मेमधलं चित्र शेजारी ठेवा.

दोन सूचना. वाऱ्याची दिशा म्हणून जो अंश दिसतो ती वारा येतो ती दिशा : २७० म्हणजे पश्चिमेकडून. आणि तापमान हे संगणकाच्या मॉडेलचं आहे, सोनेगाव वेधशाळेच्या थर्मामीटरचं नाही. दोन-तीन अंशांचा फरक आला तर साइट खोटी ठरवू नका. हा फरक रोज वहीत लिहिला तर तोच एक छान प्रकल्प होतो.

प्रतापनगर_आई

खूप आभार सगळ्यांचे. फेटची फाइल लॅपटॉपवर चालली. मोबाइलवर उतरवली तर पांढरं पान येऊन राहिलं. आणि गुगलवर शोधताना दोन ठिकाणी मोठं हिरवं "डाउनलोड" बटण दिसलं, ते बरोबर का?

वायर_आणि_बल्ब

मोबाइलमध्ये ती फाइल बहुधा "एचटीएमएल व्ह्यूअर"मध्ये उघडून राहिली, त्यात सिम्युलेशन चालत नाही. फाइल्स अॅपमध्ये जा, फाइल दाबून धरा, "ओपन विथ"मधून क्रोम निवडा. फोन आडवा धरा, उभ्यात बटणं फार बारीक होतात.

ते हिरवं बटण दाबू नका, ती जाहिरात असते. फेटच्या पानाचा पत्ता पाहा, त्यात "कोलोरॅडो डॉट ईडीयू" असलं पाहिजे. कोणतीही साइट उघडताच "नोटिफिकेशन अलाउ करा" विचारते तिथे "ब्लॉक" करा. आधीच अलाउ झालं असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि तिथून एकेक काढून टाका.

छतावरचा_तारा

आणि ताई, २६ मे च्या आधी एखाद्या दुपारी ओळंब्याची तालीम करून घ्या. छताला पाण्याचा उतार असतोच, म्हणून नळीखाली पाट ठेवून कागदाच्या घड्यांनी तो सपाट करावा लागतो, आणि त्यातच दहा मिनिटं जातात.