मदत हवी आहे: पर्सिस्टंट कनेक्शनवर पीडीओस्टेटमेंट एक्स्टेंड कसा करावा?

पीएचपी ८.२, मायएसक्यूएल डेटाबेस, कनेक्शन पर्सिस्टंट (रिक्वेस्ट संपली तरी उघडं राहणारं). संथ क्वेऱ्या लॉग करायला पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा क्लास) एक्स्टेंड करून त्याच्या क्वेरी आणि एक्झेक या मेथड ओव्हरराइड केल्या. तेवढं नीट चालतं. पण आमच्या बहुतेक क्वेऱ्या प्रिपेअर केलेल्या (आधी तयार करून मग व्हॅल्यू भरून चालवायच्या) असतात, आणि त्यांचं एक्झिक्यूट पीडीओस्टेटमेंटवर, म्हणजे प्रिपेअरमधून मिळणाऱ्या ऑब्जेक्टवर होतं. पीडीओस्टेटमेंटऐवजी आपला क्लास वापरायला सांगणारा एटीटीआर_स्टेटमेंट_क्लास हा पर्याय लावून पाहिला, तर पर्सिस्टंट कनेक्शनला ते चालत नाही असा एरर येतो. पर्सिस्टंट बंद करायची परवानगी नाही. सर्व्हरचा स्लो क्वेरी लॉग पुरत नाही, कारण क्वेरी कोडच्या कुठल्या ओळीतून आली तेच मला हवंय.

जुन्या कोडमध्ये जागोजागी पीडीओस्टेटमेंट असा टाइप दिलेला आहे, म्हणून साधा रॅपर (मूळ ऑब्जेक्ट आत ठेवणारा वेगळ्या टाइपचा क्लास) बाद. पीडीओस्टेटमेंट एक्स्टेंड करून आत मूळ स्टेटमेंट ठेवलं आणि सगळ्या मेथड त्याच्याकडे वळवल्या, तर बाइंडपॅरमचे रेफरन्स (क्वेरीला जोडलेली व्हेरिएबल, ज्यांची व्हॅल्यू एक्झिक्यूटच्या वेळी वाचली जाते) आणि थेट स्टेटमेंटवर फिरणारे फॉरईच लूप शाबूत राहतील का?