मदत हवी आहे: सीटीओमध्ये (हृदयाची पूर्ण बंद पडलेली धमनी उघडताना) वायर धमनीच्या भिंतीत शिरली तर पॅरलल वायर (शेजारून दुसरी वायर) की थेट रेट्रोग्रेड (दुसऱ्या धमनीतून उलट्या बाजूने)?

उजव्या कोरोनरीचा (हृदयाच्या उजव्या धमनीचा) मधला भाग 100% बंद, लांबी सुमारे 25 मिमी. सुरुवातीचं टोक बोथट, कॅल्शियम भरपूर, म्हणजे जे-सीटीओ स्कोअर (अडथळा पार करणं किती अवघड याचा अंक) 3. सेप्टल कोलॅटरल (हृदयाच्या मधल्या पडद्यातून डावीकडून रक्त आणणाऱ्या जोडवाहिन्या) चांगले. 7 फ्रेंच गाइड (मुख्य नळी), मायक्रोकॅथेटरमधून (आतल्या बारीक नळीतून) गाया सेकंड वायर. वायर पुढे सरकते, पण पलीकडच्या टोकापाशी ल्युमेनला (धमनीच्या पोकळीला) बगल देऊन जाते. पुढे काय करावं?

उत्तर १
सगळ्यात आधी उजव्या गाइडमधून डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) मारणं बंद करा. भिंतीत शिरलेली वायर फारसं बिघडवत नाही, त्या फटीत दाबाने घुसलेला डाय बिघडवतो. हेमॅटोमा (भिंतीत साचलेलं रक्त) पसरतो, खरा ल्युमेन चपटा होतो आणि पुढचे सगळे मार्ग अवघड होतात. यापुढे इंजेक्शन फक्त डावीकडून, आणि वायरची जागा दोन काटकोनी व्ह्यूंमध्ये बघा.

पहिली वायर काढू नका. ती चुकीची वाट अडवून धरते आणि खुणेचंही काम करते. ड्युअल ल्युमेन कॅथेटरवरून (दोन पोकळ्यांच्या नळीवरून) दुसरी, जास्त टिप लोडची, म्हणजे कडक टोकाची वायर घाला (गाया थर्ड 4.5 ग्रॅम, कॉन्फियान्झा प्रो 12). एक-दोन प्रयत्नांत जमलं तर जमलं. तासभर टोचत बसण्यात अर्थ नाही.

उत्तर २
सहमत. पलीकडची धमनी धड आकाराची असेल आणि तिथे मोठी फांदी फुटत नसेल, तर स्टिंगरे (वायर भिंतीतून पुन्हा ल्युमेनमध्ये वळवणारा चपटा बलून). बलूनमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर तो नीट दिसत नाही. फुगवायचा 4 अॅटमॉस्फियरपर्यंतच. नकल (वायरचं टोक दुमडून केलेला फास) करून पुढे जाणार असाल तर नकल फक्त ढकला. फिरवली की गाठ बसते.

धागाकर्ता
आणि टोकापाशीच फांदी फुटत असेल तर?

उत्तर १
मग रेट्रोग्रेड. 150 सेंमी मायक्रोकॅथेटर, सायॉन वायर, सेप्टलमधून. एपिकार्डियल (हृदयाच्या पृष्ठभागावरची) जोडवाहिनी फाटली तर टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून त्यावर येणारा दाब) लवकर होतो, म्हणून ती शेवटचा पर्याय. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 350 सेकंदांच्या वर ठेवा, दर अर्ध्या तासाने तपासा. रक्त पुरवणाऱ्या धमनीतच गुठळी झाली तर दोन्ही बाजू एकदम जातात. रिव्हर्स कार्टनंतर (दोन्ही बाजूंच्या वायरींच्या वाटा बलूनने जोडल्यावर) 330 सेंमीची आरजी-3 वायर उजव्या गाइडमधून बाहेर काढताना डावा गाइड आत खेचला जातो, सगळ्यांची नजर उजवीकडे असते आणि डाव्या मेनमध्ये (डाव्या मुख्य धमनीत) डिसेक्शन (आतला थर फाटणं) होतं. एकाने फक्त तो गाइड सांभाळावा.

उत्तर २
किरणांचा हिशेबही ठेवा. 5 ग्रे एअर कर्मा (किरणांची मोजलेली मात्रा) झाला आणि वायर अजून पार नसेल, तर थांबून पुन्हा तारीख द्यावी.