मदत हवी आहे: हवेचा कयाक बाजूच्या वाऱ्यात सरळ जात नाही

प्रवासात सोबत नेता यावा म्हणून हवा भरायचा दोन सीटचा कयाक (वल्हवायची छोटी, अरुंद होडी) घेतला आहे. बहुतेक वेळा मी एकटाच वल्हवतो. शांत पाण्यात काही तक्रार नाही. पण तलावाच्या मध्यावर बाजूने वारा लागला की नाक सारखं वाऱ्याकडे वळतं. मग एकाच बाजूने वल्ही मारत राहायची आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो.

आतापर्यंत केलेलं: गेज लावून कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत हवा भरली (गार पाण्यात दाब उतरतो, म्हणून पाण्यात सोडल्यावर पुन्हा तपासली). मागचा फिन (होडी सरळ जावी म्हणून तळाला लावायचं पातं) नीट बसलाय. सामानाची ड्राय बॅग आधी पुढे ठेवायचो, ती मागे नेली. त्याने बराच फरक पडला, पण आता समोरून वारा आला की पुढचं टोक उचललं जातं आणि भलतीकडेच फेकलं जातं. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

सीट मध्यापासून मागे-पुढे साधारण वीतभर सरकते. रडर (सुकाणू) बसवायची सोय नाही. विमानाने न्यायचा असल्याने कयाक, पंप, वल्हं मिळून वजन २३ किलोच्या आत हवं, त्यामुळे दुसरा कयाक घ्या हा सल्ला नको. लाइफ जॅकेट कायम घालतो, वारा वाढला की काठ धरूनच जातो.

एकट्याने वल्हवताना सीट आणि बॅग नेमकी कुठे ठेवता? आणि जास्त खोल फिनने खरंच फरक पडतो का?