श्रीरंगपट्टण: फितुरी आणि कावेरी

टिपू सुलतानच्या राजधानीचं श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये केवळ त्याचा मंत्री मीर सादिकच्या फितुरीमुळे इंग्रजांच्या हाती पडलं, हे मत मला अर्धवट वाटतं. फितुरी असेलही, पण या बेटाला वेढणाऱ्या कावेरी नदीचं काय? मे १७९१ मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस बेटाजवळ पोचला, अरिकेरेची लढाई जिंकला, तरी पाऊस आणि दाणावैरणीच्या टंचाईमुळे वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून त्याला माघारी फिरावं लागलं. ओढायला बैलच उरले नव्हते. वाटेत इंग्रजांच्या बाजूने आलेले मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन भेटले नसते तर फौज उपाशी मेली असती. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य मुबलक होतं (भाव मात्र चांगलेच चढे लावले, व्यापारी ते व्यापारीच!).

म्हणूनच १७९९ ला इंग्रज सेनापती हॅरिसला पावसाळ्याआधीच काम उरकायचं होतं. ४ मेच्या भर दुपारी, नदीला पाणी कमी असताना, त्याचे सैनिक पात्रातूनच तटाला पडलेल्या खिंडाराकडे धावले.