मदत हवी आहे: डेंटल बोर्डाकडे तक्रार करायची आहे, पण बोर्डावर बहुतेक डेंटिस्टच आहेत (नॉर्थ कॅरोलायना)

सांगलीकर_केरी:

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, केरीला राहतो. माझे बाबा (वय ७१) दीड वर्षापासून आमच्याकडे आहेत. त्यांच्या दाढेचं एक प्रकरण झालंय आणि पुढे काय करावं हे घरात कुणालाच सुचत नाहीये. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगते.

मागच्या नोव्हेंबरात बाबांची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. त्यांना दातांचा विमा नाही. घराजवळच्या एका दवाखान्यात पदरचे पैसे भरून रूट कॅनाल आणि क्राउन (दाढेवरची टोपी) करून घेतला. दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही, कृपया विचारू नका. क्राउन बसला तेव्हापासून बाबा त्या बाजूनं चावतच नाहीत. ज्यांना कडक भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही ते भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. तीनदा परत गेलो. तिन्ही वेळा 'बसायला वेळ लागतो' एवढंच ऐकून आलो.

शेवटी जूनमध्ये एंडोडॉन्टिस्टला, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञ डॉक्टरला, दाखवलं. तिनं एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून बोट ठेवलं. दाढेच्या पुढच्या मुळात, टोकाच्या थोडं वर, एक बारीक पांढरीशुभ्र रेघ. मुळात भरलेला मसालाही पांढराच दिसतो, पण ही रेघ त्याहून उजळ होती आणि नीट बघितलं तर कडेला स्क्रूसारखे आटे. रूट कॅनालची फाइल, म्हणजे मुळातली नळी घासून साफ करायची बारीक सुई, तुटून आत राहिलीय, ती म्हणाली. मग पहिल्या दवाखान्यानं पाठवलेला क्राउनच्या आधीचा एक्स-रे उघडला. त्यातही तीच रेघ, त्याच जागी. आणि आम्हाला सात महिन्यांत कुणी एका शब्दानं सांगितलं नाही.

मला डेंटल बोर्डाकडे, म्हणजे डेंटिस्टना लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, तक्रार करायची आहे. पण माहिती काढली तर कळलं की इथल्या बोर्डावर आठ जण असतात. त्यातले सहा प्रॅक्टिस करणारे डेंटिस्ट, आणि त्यांना निवडून देतात राज्यातले डेंटिस्टच. एक हायजिनिस्ट (दात साफ करून देणारी), तिला हायजिनिस्ट निवडतात. उरला एक ग्राहक प्रतिनिधी, तो गव्हर्नर नेमतात. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "काटा कारखान्याचा आणि ऊस आपला. मला नको सांगू." बाबांनी एका साखर कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर काम केलंय. उसाच्या गाडीमागे उभा असलेला शेतकरी काट्याकडे कसा बघतो ते त्यांनी रोज पाहिलंय.

अशा बोर्डाकडे तक्रार करून खरंच काही होतं का? कुणी केली आहे का? आणि त्या दाढेवर पुढचे उपचार व्हायचे आहेत, तक्रारीमुळे दुसरे डेंटिस्ट हात आखडता घेतील का, हीही भीती आहे.

रानजाई:

वाचून वाईट वाटलं. काकांना आता त्रास कमी आहे का? माझं मत विचाराल तर बोर्डाच्या नादी न लागता वकील गाठा. आमच्या ओळखीत एकांनी दुसऱ्या राज्यात तक्रार केली होती, वर्षभरानं दोन ओळींचं पत्र आलं.

विदुला_डी:

सांगलीकर, मी डेंटिस्ट आहे. नाशिकला बीडीएस केलं, इथे येऊन पुन्हा डेंटल स्कूल केलं आणि मग लायसन्स मिळालं. त्यामुळे माझं लिहिणं बोर्डाच्या बाजूचं वाटलं तर समजून घ्या, पण जे माहीत आहे ते सांगते.

फाइल तुटणं हा दर वेळी निष्काळजीपणा नसतो. निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स फार लवचिक असतात, आणि वाकड्या, अरुंद कॅनालमध्ये (मुळातल्या नळीत) कधी कधी काही कळायच्या आत तुटतात. खालच्या दाढेचं पुढचं मूळ तर यासाठी ओळखलंच जातं. प्रत्येक तुकडा काढायलाही जात नाहीत, कारण काढायच्या नादात मूळ कमकुवत होतं. कॅनाल आधी नीट साफ झाला असेल तर तुकडा आत ठेवूनही दाढ वर्षानुवर्षं टिकते. तेव्हा 'फाइल तोडली' एवढ्याच मुद्द्यावर तक्रार केलीत तर ती लंगडी पडेल.

पण सांगायलाच हवं. त्याच दिवशी, खुर्चीवरून उठायच्या आत. काय झालं, आता कोणते पर्याय आहेत, एंडोडॉन्टिस्टकडे पाठवू का, आणि हे सगळं केस पेपरवर लिहायचं. तुमच्या बाबतीत एक्स-रेवर रेघ दिसत असताना वर क्राउन बसवला गेला, आणि पेशंट तीनदा दुखतंय म्हणून आला तरी कुणी तोंड उघडलं नाही. तक्रारीचा गाभा हा आहे. आणि खरं सांगू का, हे ओळखायला दाताचं काम केलेला माणूसच लागतो. बोर्डावरचा डेंटिस्ट तो एक्स-रे दहा सेकंदांत वाचेल. बाहेरच्या माणसाला आधी फाइल म्हणजे काय इथपासून समजावावं लागेल.

आधी पूर्ण रेकॉर्ड मागवा: सगळे एक्स-रे, रोजच्या नोंदी, संमतीपत्र, बिलं. लेखी मागा. हिपा या पेशंटच्या माहितीबद्दलच्या अमेरिकी कायद्यानं त्यांना ३० दिवसांत द्यावं लागतं. फार तर एकदा आणखी ३० दिवस वाढवून घेता येतात, तेही लेखी कारण देऊन. कॉपीचा वाजवी खर्च ते घेऊ शकतात, पण बिल थकलंय म्हणून रेकॉर्ड अडवून ठेवता येत नाही. रेकॉर्ड हातात आल्यावरच तक्रार लिहा. नोंदीत फाइलचा उल्लेख आहे की नाही यावर सगळं फिरेल.

पुढच्या उपचारांची काळजी करू नका. जिनं तुम्हाला स्वतःहून एक्स-रे दाखवला तिच्याकडेच करा.

नदीकाठ:

सांगलीकरताई, तुमच्या बाबांच्या शंकेवर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आणि तो तुमच्याच राज्याच्या याच बोर्डाविरुद्ध गेलेला आहे. तारीख २५ फेब्रुवारी २०१५. मी कंप्लायन्समध्ये (कायदे-नियम पाळले जातात का ते बघण्याचं) काम करतो, कामासाठीच हा निकाल वाचला आणि तो डोक्यातून गेला नाही.

नव्वदच्या दशकात तिथले डेंटिस्ट दात पांढरे करून द्यायला लागले. पैसा चांगला मिळायचा. खटल्यातल्या काळात बोर्डावर येऊन गेलेल्या १० जणांपैकी ८ जण स्वतः हे काम करत होते. २००३ च्या सुमाराला डेंटिस्ट नसलेले लोक मॉलमधल्या गाळ्यांत आणि सलूनमध्ये तेच काम कमी पैशांत करून द्यायला लागले. मग बोर्डाकडे तक्रारी येऊ लागल्या, त्या डेंटिस्ट मंडळींच्या. लोकांना इजा होईल असं म्हणणाऱ्या तक्रारी थोड्याच होत्या, बहुतेकांचा रोख कमी दरांवर होता, असं कोर्टानं निकालात नोंदवलंय. चौकशी एका डेंटिस्ट सदस्याकडे सोपवली गेली. हायजिनिस्ट आणि ग्राहक प्रतिनिधी दोघांचाही तीत सहभाग नव्हता. २००६ पासून बोर्डाच्या लेटरहेडवर किमान ४७ पत्रं गेली: हे काम बंद करा. पुढे मॉलच्या मालकांनाही पत्रं गेली. लोकांनी घाबरून गाळे बंद केले.

कायद्यात दातांवरचे डाग काढणं हे डेंटिस्टचं काम म्हटलंय, पण दात पांढरे करणं त्यात धरायचं की नाही हे लिहिलेलं नाही. शिवाय लायसन्स नसलेल्या माणसाला रोखायचं तर बोर्डानं कोर्टात जायला हवं होतं. ते न करता नुसत्या पत्रांवर काम भागवलं.

२०१० मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) बोर्डावर कारवाई सुरू केली. बोर्डाचं म्हणणं: आम्ही राज्य सरकारचा भाग, आम्हाला स्पर्धेचे कायदे लागू नाहीत. ही सूट १९४३ च्या पार्कर विरुद्ध ब्राउन या निकालापासून चालत आली आहे. सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी ती नाकारली. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं त्याचा सारांश असा: ज्या धंद्याचं नियमन करायचं त्याच धंद्यात पोट भरणाऱ्यांच्या हातात बोर्डाचा कारभार असेल, तर राज्यानं त्यावर प्रत्यक्ष देखरेख ठेवली पाहिजे. देखरेख करणाऱ्यानं निर्णय आतून तपासावा, तो बदलायचा किंवा रद्द करायचा अधिकार त्याला हवा, आणि तो स्वतः त्या धंद्यातला नसावा. या ४७ पत्रांवर अशी नजर कुणाचीच नव्हती.

विरोधी मत न्यायमूर्ती अलिटो यांचं, स्कालिया आणि थॉमस त्यांच्याबरोबर. बोर्ड राज्यानं कायद्यानं स्थापलंय, म्हणजे ते राज्यच, असं त्यांचं म्हणणं. १९४३ च्या कितीतरी आधीपासून डॉक्टर-डेंटिस्टांची बोर्डं अशीच चालत आली आहेत. मला हे मत हलकं वाटत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती ब्रेयर यांनीही अशीच काळजी बोलून दाखवली होती: मेंदूची शस्त्रक्रिया कुणी करावी हे मेंदूच्या सर्जननीच ठरवलेलं त्यांना हवं होतं. शेवटी मत मात्र त्यांनी बहुमताच्या बाजूनं दिलं.

आता बाबांचा काटा घ्या. कारखान्याचा काटा म्हणून कुणी ऊस डोळ्यांच्या अंदाजानं मोजत नाही. वैधमापनवाले येतात, प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतात, शिक्का मारतात. कोर्टानं तेवढंच मागितलं. काटा चालवायला काट्याचं काम येणारा माणूस राहू दे, शिक्का मारणारा मात्र बाहेरचा हवा. बाबांना असं सांगून बघा, त्यांना पटेल असं वाटतं.

पण ताई, तो खटला बाहेरच्यांना धंद्यातून हाकलण्याबद्दल होता. तुमची तक्रार एका पेशंटची एका डेंटिस्टविरुद्ध आहे. डेंटिस्टचा हितसंबंध स्वस्तात काम करणाऱ्याला रोखण्यात जितका उघड असतो तितका इथे नसतो. इथली भीती दुसरी, आपल्यातल्याला सांभाळून घेण्याची. त्यावर उपाय कागदाचा. तक्रार लेखी आणि तारखांसह असली, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जोडलेलं असलं की ती बाजूला सारणं अवघड जातं. साधारणपणे तक्रारीची प्रत त्या डेंटिस्टला पाठवून उत्तर मागवतात. तथ्य दिसलं तर ताकीद, अटी, लायसन्स काही काळ थांबवणं किंवा काढून घेणं इथपर्यंत जाता येतं. भरपाई बोर्ड देत नाही. पैसे परत हवे असतील तर रानजाई म्हणतात तसा वकीलच लागेल. इथे अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींसाठी अडवून ठेवू नका.

आणखी एक. बोर्डाला सार्वजनिक नोंदींचा आणि खुल्या बैठकांचा कायदा लागू आहे. कार्यालय मॉरिसविलला, तुमच्यापासून जवळच.

घाटमाथा:

पुण्याहून लिहितोय. आपल्याकडेही १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टनं राज्य डेंटल कौन्सिलं आली, त्यांच्यावरही डेंटिस्टांनी आपल्यातून निवडलेले सदस्य असतात, वर सरकारनं नेमलेले काही. आता २०२३ चा नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा आलाय. दर वेळी प्रश्न तोच निघतो, निवडून आलेले किती आणि नेमलेले किती. सरकारनं नेमला म्हणून तो पेशंटच्या बाजूचा असेलच असं मात्र धरून चालू नका. माझी स्वतःची बहीण डेंटिस्ट आहे, ती म्हणते की तुटलेली फाइल लपवणाऱ्यावर सगळ्यात जास्त चिडतात ते डेंटिस्टच.

सांगलीकर_केरी:

सगळ्यांचे आभार. नदीकाठ, तुमचं उत्तर बाबांना संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवलं. शिक्क्यापाशी त्यांनी थांबवलं. म्हणाले, भरारी पथक आलं की आम्हीच आधी प्रमाणित वजनं काढून ठेवायचो, कारण काटा खरा असला की तपासणीची भीती काटेवाल्याला नसतेच. मग म्हणाले, लिहू या.

विदुलाताई, रेकॉर्ड मागितलं होतं ते २६ व्या दिवशी आलं. नोंदीत फाइलचा उल्लेख नाही. रूट कॅनालच्या दिवसाची नोंद चार ओळींची आहे आणि शेवटी 'पेशंटला काही त्रास नाही' असं लिहिलंय. पुढच्या तीन भेटींपैकी एकीची नोंदच नाही. त्या भेटीची गाडी पार्क केल्याची पावती माझ्याकडे सापडली, ती जोडतेय.

बाबांनी स्वतःचं निवेदन मराठीत लिहिलं. काट्याच्या रजिस्टरसारखं, रेघा आखून: तारीख, वेळ, सोबत कोण, डॉक्टर काय म्हणाले, मी काय म्हणालो. कुठेही राग नाही. शेवटच्या रकान्यात प्रत्येक भेटीपुढे एकच शब्द, 'दुखते'. मी म्हटलं जरा सविस्तर लिहा, तर म्हणाले, वजन तेवढंच होतं तेवढंच लिहिलं.

एंडोडॉन्टिस्टनं दोन ओळींचं पत्र द्यायचं कबूल केलंय. दाढेवर पुढच्या महिन्यात रीट्रीटमेंट आहे. तुकड्याला बाजूनं वळसा घालून कॅनाल साफ करता येतो का ते ती बघणार आहे, नाहीतर दाढ काढावी लागेल.

आता एकच विचारायचंय. बाबांच्या निवेदनाचं इंग्रजी भाषांतर मी, त्यांच्या मुलीनंच, केलेलं चालेल का, की त्रयस्थाकडून करून घेणं बरं? मूळ मराठी पान सोबत जोडणारच आहे. त्रयस्थच हवा असेल तर केरी, मॉरिसविल किंवा रॅलीत मराठी-इंग्रजी भाषांतर करून सही देणारं कुणी माहीत असेल तर विपूमध्ये (माझ्या विचारपूस पानावर) कळवा.